खैराटचा धडा

निकोलस निग्रोपॉन्टी यांची स्वस्त लॅपटॉपची योजना २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराटच्या शाळेत आली. यंत्रावरील ‘शुगर’ ही प्रणाली मुक्त होती. मुलाने ती उघडून पाहावी, बदलावी, हाच तिचा शैक्षणिक आशय. त्याच वर्षी इंटेल योजनेत सामील झाली. परंतु ‘क्लासमेट’ हे आपले स्पर्धक यंत्र सोडण्यास नकार देऊन जानेवारी २००८ मध्ये बाहेर पडली. मे महिन्यात विंडोजला प्रवेश मिळाला. सरकारांची मागणीच तशी आहे, हे त्याचे समर्थन. ते अपुरे वाटते. कारण खरेदी सरकार करते, शिकते मात्र मूल. उद्या वाटूरच्या शाळेत असे यंत्र आले, तर किमतीआधी एवढेच विचारावे: ते मुलाला उघडता येते काय?