एकतेचे गाणे आणि उंबरा

फिल्म्स डिव्हिजनचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा विजया मुळे यांचा बोलपट परवा वर्गात दाखवला. जाळ्यात अडकलेल्या चिमण्या एकजुटीने जाळ्यासकट उडतात. मित्र उंदीर जाळे कुरतडतात. सहकारी प्राध्यापक बालपणाच्या आठवणींनी हळवे झाले. एका विद्यार्थ्याने मात्र विचारले, ‘सर, यातल्या सगळ्या चिमण्या एकाच पातळीवर कशा?’

लहानपणी मी हाच बोलपट गावातल्या एका घरी, उंबऱ्याबाहेर बसून पाहिला होता. आत बसलेल्या मुलांबरोबर एकतेचे गाणेही गायलो होतो. उंबरा तिथेच राहिला.

म्हणून हा बोलपट टाकाऊ ठरत नाही. दुबळ्यांचे बळ संघटनेत आहे, हे तो पोरासोरांनाही पटवतो. पण त्यातले जाळे बाहेरच्या शिकाऱ्याचे आहे. जातीचे जाळे आपल्यातच विणले जाते, आणि वरच्या पायरीवरच्याला ते टोचत नाही. राजकीय समतेसोबत सामाजिक विषमता नांदणार, हा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितला होता. समतेवाचून एकता मागणाऱ्यांना त्या विद्यार्थ्याचा प्रश्न विचारलाच पाहिजे.