'गांजा अँड हेस' : आवाज न करणारी भीती

शोषणाला रक्त पिण्याची उपमा देणे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्या उपमेतले रक्त केव्हाच आटून गेले आहे. सावकार रक्त पितो, जमीनदार रक्त पितो, गिरणीमालक रक्त पितो. मार्क्सनेही भांडवलाला रक्तपिपासू पिशाच्च म्हटले आहे. सभेत या वाक्याला टाळी मिळते, कारण त्यातला रक्त पिणारा नेहमी पलीकडच्या बाजूला उभा असतो. पण तो अलीकडच्या बाजूचा असेल तर? आपल्याच वर्णाचा, शिकलेला, सभ्य, हळू आवाजात बोलणारा आणि घरी ग्रंथांनी भरलेली कपाटे असलेला असेल, तर त्या उपमेचे काय करायचे? अमेरिकन कृष्णवर्णीय लेखक-दिग्दर्शक बिल गन याने १९७३ साली 'गांजा अँड हेस' या चित्रपटातून हा प्रश्न विचारला. तो त्याने थोड्या पैशात विचारला, आणि पैसे देणाऱ्यांना नको असलेल्या पद्धतीने विचारला.

या चित्रपटामागची बाजारपेठ आधी समजून घेतली पाहिजे. १९७१ च्या 'शाफ्ट'नंतर हॉलिवूडला एक शोध लागला, की काळा माणूससुद्धा तिकीट काढतो! मग काळे नायक, काळे गुंड, काळे गुप्तहेर यांचे पीक आले. १९७२ मध्ये 'ब्लॅक्युला' आला आणि चालला. त्या चित्रपटाला मी सरसकट टाकाऊ म्हणणार नाही. त्याच्या आरंभी एक आफ्रिकन राजपुत्र गुलामांचा व्यापार थांबवण्यासाठी मदत मागायला ड्रॅक्युलाच्या दारी जातो, आणि ड्रॅक्युला त्याचा अपमान करून त्यालाच पिशाच्च बनवतो. ही कल्पना भेदक आहे. परंतु पुढे झगा आणि सुळे तिला गिळून टाकतात. केली-जॉर्डन या निर्मितीसंस्थेला तसेच काहीतरी हवे होते. तिने गनला सुमारे साडेतीन लाख डॉलर दिले. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम किरकोळच. गनला काळ्या व्हँपायरचा चित्रपट करण्याची मुळीच इच्छा नव्हती. त्याने पैसे घेतले आणि व्यसनावरचा चित्रपट केला.

कथा थोडक्यात सांगतो. डॉ. हेस ग्रीन हा श्रीमंत मानववंशशास्त्रज्ञ. मिर्थिया नावाच्या एका प्राचीन आफ्रिकन संस्कृतीचा तो अभ्यास करतो. ही संस्कृती गनने कल्पिलेली आहे. जॉर्ज मेडा हा त्याचा नवा सहायक, मनाने खचलेला माणूस. ही भूमिका गननेच केली आहे. एका रात्री मेडा मिर्थियन खंजिराने हेसला भोसकतो आणि नंतर स्वतःवर गोळी झाडून घेतो. हेस मात्र मरत नाही. तो उठतो तेव्हा त्याच्या अंगावर जखम नसते आणि त्याला रक्ताची तहान लागलेली असते. पुढे मेडाची बायको गांजा नवऱ्याच्या शोधात ॲमस्टरडॅमहून येते, हेसशी लग्न करते आणि त्याच तहानेची वाटेकरी होते. (नायिकेच्या नावाने मराठी वाचक हसेल, पण व्यसनावरच्या चित्रपटाला हे नाव विनाकारण मिळालेले नाही.)

या साऱ्या चित्रपटात 'व्हँपायर' हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. सुळे, शवपेटी, वटवाघूळ यांतले काही नाही. हेस भर उन्हात हिंडतो, बागेत बसतो, पाहुण्यांना जेवू घालतो. तहान लागते तेव्हा दुरून आल्यासारखे एक आफ्रिकन श्रमगीत ऐकू येते, आणि मिर्थियाची राणी पिसांचा मुकुट घालून गवतातून चालत जाताना दिसते. विजेचा कडकडाट नाही की दाराची करकर नाही. छायाचित्रण जेम्स हिंटन याचे. नागरी हक्क चळवळीचे छायाचित्रकार म्हणून तो आधीच काम करून आलेला होता. सुपर १६ मिलिमीटरच्या स्वस्त फिल्मवर त्याने जे टिपले, त्यात एखाद्या मोर्च्याच्या किंवा प्रार्थनासभेच्या चित्रणातला खरेपणा आहे. पैसे नसल्यामुळे जे शक्य नव्हते ते गनने टाळले, एवढेच म्हणून भागणार नाही. तेवढ्या पैशात प्लॅस्टिकचे सुळे सहज आले असते.

सर्वांत भयंकर प्रसंग मला कोणता वाटतो, ते सांगतो. त्यात रक्ताचा थेंबही नाही. रात्रीची वेळ. मेडा दारू पिऊन झाडावर चढून बसला आहे, आणि जवळ फास लोंबतो आहे. हेस खाली उभा राहून त्याची समजूत घालतो. कशी? जगणे सुंदर आहे, बायकोची आठवण कर, असे काही तो म्हणत नाही. तो शांतपणे सांगतो की या वस्तीत राहणारा काळा माणूस मी एकटा आहे, आणि इथे एका काळ्या माणसाचे प्रेत सापडले तर पोलीस चौकशीसाठी मलाच ओढत नेतील. प्रेक्षक हसतो, आणि हसू अर्ध्यावरच थांबते. झाड, दोर आणि काळा माणूस या तीन गोष्टी अमेरिकेत एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे सांगायला पार्श्वसंगीत लागत नाही. हेसची संपत्ती, पदवी, रोल्स रॉइस गाडी या एका वाक्यात मातीमोल होतात. ज्याला अजून पिशाच्चबाधा झालेली नाही असा हा माणूस त्या घरात आधीपासूनच भीत भीत राहत होता, हे कळते. ही भीती बाहेरून आलेली नाही. ती त्याच्या दिनक्रमात मुरलेली आहे, इतकी की तो ती हवापाण्याची गोष्ट सांगावी तशी सांगतो.

हेसची भूमिका करणारा ड्युएन जोन्स पाहिला की आणखी एक आठवण जागी होते. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या १९६८ च्या चित्रपटात रात्रभर प्रेतांशी झुंजून जिवंत राहिलेला नायक तोच. सकाळी गोऱ्यांची टोळी येते आणि त्यालाच प्रेत समजून गोळी घालते. पाच वर्षांनी तोच चेहरा न मरण्याचा शाप घेऊन येतो. गनने त्याची निवड करताना हे मनात धरले होते की नव्हते, याने फरक पडत नाही. पाहणाऱ्याच्या मनात ते असते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हेस कोणाचे रक्त पितो? आधी मेडाचे, न्हाणीघराच्या फरशीवरून, गुडघे टेकून, जिभेने. मग दवाखान्यातून चोरलेले. मग बारमध्ये भेटलेल्या बाईचे. मग एका गरीब तरुण आईचे, जिचे तान्हे मूल जवळच आहे. ज्या वस्तीकडे तो एरवी फिरकलाही नसता, तिथे तो केवळ तहानेसाठी जातो. स्वतःच्या मुलाशी तो फ्रेंचमध्ये बोलतो. पूर्वजांच्या वस्तू त्याच्या घरात काचेआड मांडलेल्या आहेत. ज्या संस्कृतीचा तो अभ्यास करतो तिचाच खंजीर त्याच्या छातीत जातो, हा उपरोध उघड आहे, पण गन तो बोट ठेवून दाखवत नाही. त्याचा ड्रायव्हर ल्यूथर हा चर्चचा धर्मोपदेशक आहे. तो आरंभीच सांगतो की मालक गुन्हेगार नाही, व्यसनी आहे, बळी आहे. मालकाचा गुन्हा नोकराने पोटात घालावा आणि वर त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थनाही करावी! गनने ल्यूथरला सहानुभूतीने रंगवले आहे. मला ती सहानुभूती जड जाते.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याच वर्षी तिकडे हा चित्रपट आकार घेत होता. आपण काळ्यांच्या चळवळीचा घोष घेतला, कवितेतली आग घेतली. त्यांनी स्वतःच्या शिकलेल्या वर्गाची केलेली ही कठोर तपासणी मात्र आपल्याकडे फारशी पोचली नाही. नोकरी, बंगला, शहराच्या कडेची सोसायटी, आडनावात केलेला बदल, आणि वस्तीकडे फक्त जयंतीला किंवा मतांसाठी होणारी फेरी या गोष्टींवर आपल्या कथाकारांनी लिहिले आहे, नाही असे नाही. पण ते बहुधा उपहासाने लिहिले. हेसचा उपहास करता येत नाही. तो एकाकी आहे, दुःखी आहे आणि खुनी आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

दुसरी गोष्ट संयमाची. दलित साहित्य ओरडते, त्यात कलात्मक अंतर नाही, असे प्रस्थापित समीक्षेने इतक्या वेळा सांगितले की संयम हा शब्द ऐकला तरी आपल्या कपाळाला आठी पडते. त्यात चूक काही नाही. घर पेटलेल्या माणसाला हळू बोल म्हणणे हा निर्लज्जपणाच आहे. परंतु म्हणून संयम ही त्यांची मालमत्ता ठरत नाही. गनला बाजार 'ओरड' असे सांगत होता, कारण काळ्याची किंकाळी विकली जात होती. तेव्हा त्याने आवाज खाली आणला. तिथे शांत राहणे हाच नकार होता. शांतपणा किंवा आक्रोश यांपैकी कशातही विद्रोह आपोआप येत नाही. समोरचा काय विकत घ्यायला बसला आहे, यावर ते ठरते.

त्या नकाराची किंमत गनने मोजली. १९७० मध्ये वॉर्नर ब्रदर्ससाठी केलेला त्याचा 'स्टॉप' हा चित्रपट कंपनीने प्रदर्शितच केला नव्हता. 'गांजा अँड हेस' १९७३ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला. न्यूयॉर्कमध्ये मात्र तो आठवड्याभरात चित्रपटगृहातून उतरला. गनने 'न्यूयॉर्क टाइम्स'ला पत्र लिहून गोऱ्या समीक्षकांना सुनावले. मी गोरा असतो तर हेच काम नवे आणि ताजे ठरले असते, असा त्याचा रोख होता. पुढे तो दुसऱ्या कंपनीला विकला गेला. तिने त्याची कापाकापी करून ७८ मिनिटांचा 'ब्लड कपल' नावाचा भडक माल बनवला. मूळ चित्रपट जवळपास दोन तासांचा होता. त्याची एक प्रत न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात राहिली आणि म्हणून तो वाचला. गन १९८९ मध्ये गेला, जोन्स त्याच्या आदल्या वर्षी. स्पाइक लीने २०१४ मध्ये त्याची पुनर्निर्मिती केली. मूळ चित्रपट दुरुस्त होऊन पुन्हा दिसू लागला, तो दोघे गेल्यावर. वर्गात मुलांना तो दाखवला तर पहिल्या अर्ध्या तासात हमखास चुळबूळ होते. भूत केव्हा येणार, असे विचारतात. येऊन गेले, असे मी सांगतो.

शेवटाबद्दल माझे मतभेद आहेत. हेस ल्यूथरच्या चर्चमध्ये जातो. गाणे, टाळ्या, घाम, रडणे यांचा तो दीर्घ प्रसंग अत्यंत जिवंत आहे. तिथे पहिल्यांदाच हेस आपल्या माणसांच्या गर्दीत मिसळतो. मग घरी येऊन क्रुसाच्या सावलीत बसून मरण पत्करतो. गनने क्रुसाला छळाचे हत्यार म्हणून दाखवले आहे, हे खरे. तरीही ज्याने धर्मांतराचा अर्थ बुद्धीने पारखून घेतला आहे अशा वाचकाला, पापाचे ओझे देवापुढे टाकून मोकळे होणे पटणार नाही. त्या तरुण आईचे मूल रडतेच आहे. चर्चमधल्या प्रार्थनेत त्याचे नाव नाही.

गांजा मात्र त्या सावलीत बसत नाही. तिने आधी एका लांब संवादात आपले बालपण सांगितलेले असते. आई खोटे ठरवत होती, मारत होती, तेव्हाच तिने ठरवले होते की काहीही करावे लागले तरी गांजाची काळजी गांजाच घेईल. मार्लिन क्लार्कने हा संवाद न रडता म्हटला आहे. नवऱ्याचे गोठवलेले प्रेत तळघरात सापडल्यावरही ती त्याच घरात राहते, त्या घरातल्या खुन्याशीच लग्न करते. हिला क्रूर म्हणावे तर ज्या जगाने तिच्यापुढे एवढेच पर्याय ठेवले त्याला काय म्हणावे, याचे उत्तर गन देत नाही. हेस मेल्यावर ती जिवंत राहते, श्रीमंत राहते, तहानलेली राहते. त्या दोघांनी ठार मारून फेकून दिलेला तरुण पाण्यातून उघडा वर येतो आणि धावत तिच्याकडे निघतो. खिडकीतून ती त्याला पाहते, आणि हसते.