बखरकार, थ्युसिडिडीस आणि इतिहासातील निवेदन

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत अस्सल पत्रांच्या आधारे बखरींतील स्थळकाळाच्या चुकांवर त्यांनी कठोर टीका केली. ती टीका रास्तच होती. तथापि पुढे इतिहास विभागाने बखर दुय्यम मानली आणि मराठी विभागाने ती केवळ गद्याचा नमुना म्हणून जवळ केली. प्रस्तुत लेखात या वाटणीविषयीच शंका उपस्थित करावयाची आहे.

थ्युसिडिडीस स्वतःच सांगतो की, भाषणे शब्दशः स्मरणात राहणे कठीण असल्याने मूळ आशयाला धरून, प्रसंगोचित वाटले ते त्याने वक्त्यांच्या मुखी घातले. टॅसिटसने तर ‘अ‍ॅग्रिकोला’मध्ये आपल्या सासऱ्याच्या शत्रूला, कॅल्गाकसला, रोमन साम्राज्याचा धिक्कार करणारे भाषण दिले. म्हणून या दोघांना कोणी इतिहासकारांच्या पंक्तीतून उठवीत नाही. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडलेल्या दत्ताजी शिंद्यांचे बखरपरंपरेतील उत्तर मात्र ‘दंतकथा’ ठरते!

सभासद बखरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, १६९४ ते १६९७ च्या सुमारास लिहिली. किल्ल्याला मोगलांचा वेढा होता, रायगड १६८९ मध्येच हातचा गेला होता. अशा वेळी सभासद राज्याभिषेकाचे बत्तीस मण सोन्याचे सिंहासन वर्णितो, गडांच्या याद्या देतो. तो आकडा तराजूने तपासणे आवश्यक आहेच. परंतु वेढ्यातील श्रोत्यांना तो कशासाठी ऐकविला जात होता, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. केवळ शैलीविचाराने तो सुटत नाही.

येथे एक भेद मान्य केला पाहिजे. सभासद थ्युसिडिडीसप्रमाणे आपली पद्धत विशद करीत नाही. मात्र आपण कोणाच्या आज्ञेने लिहितो, हे तो लपवीत नाही आणि वाचकाला सावध होण्यास तेवढे पुरेसे आहे. लिव्हीकडूनही याहून फार अधिक मिळते, असे नाही.

नाशिकमधील आमच्या वर्गात ‘भाऊसाहेबांची बखर’ आणि पानिपतकालीन पत्रे शेजारी ठेवून वाचली, तेव्हा पत्रांत रसद, कर्ज व दाणावैरण यांचीच चिंता आढळली. बखरीत दैव आणि मानापमान. पराभवाचा अर्थ लावण्याची गरज पत्रलेखकांना नव्हती, कारण पराभव अद्याप व्हावयाचा होता.