बंदूक, वही आणि सुगरणीचा खोपा

तळ्याला शिक्षकांशी गप्पा मारताना आम्ही विचारले, सुगरणीचा खोपा कोण विणते? उत्तर एकमुखाने आले: मादी. साहजिकच आहे. पक्ष्याचे नावच स्त्रीलिंगी, शिवाय बहिणाबाईंची कविता सर्वांना पाठ! प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. या पक्ष्याच्या संसाराचा उलगडा याच रायगड जिल्ह्यात, किहीमला, सालिम अलींनी १९३० साली केला.

त्यांचे आत्मचरित्र 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' १९८५ साली निघाले. त्यातली एक गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी, ती ओळखण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत जाणे, तिथे मिलार्डसाहेबांनी दाखवलेला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह. मुलाला पश्चात्ताप झाला नि त्याने बंदूक टाकली, असाही शेवट आम्ही ऐकला आहे. तो खरा नाही. पुढे त्यांनी हजारो पक्षी नमुन्यांसाठी मारले, आणि हे पुस्तकात लपवलेले नाही. निष्कारण हत्येचा त्यांना तिटकारा होता. पण नमुन्यांवाचून भारतीय पक्ष्यांचे वर्गीकरण आणि प्रसार कळलाच नसता, असे ते ठामपणे लिहितात.

हे म्हणणे आम्हाला पटते. नमुना म्हणजे नुसती भरलेली कातडी नव्हे. पायाला बांधलेल्या चिठ्ठीवरचे ठिकाण, तारीख आणि लिंग हे तिचे खरे मोल. मात्र हजारोंचा आकडा सांगताना ते एक हळहळ व्यक्त करतात आणि पुढे जातात, ते आम्हाला खटकते. किती नमुने पुरेसे, थांबायचे कुठे, हा हिशेब त्यांच्याइतका अधिकाराने कोण मांडू शकले असते?

कारण कातडी काय सांगू शकत नाही, हे त्यांनीच किहीमला दाखवले. तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. वेळ मात्र भरपूर होता. नर खोपा अर्धवट विणतो, माद्या येऊन पाहून जातात. एखादीने पसंत केला की तो पुरा होतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसऱ्या खोप्याला लागतो! संग्रहालयातल्या कोणत्याही खणात हे सापडले नसते.

पावसाळ्यात शाळेजवळच्या विहिरीवर किंवा शिंदीवर खोपे दिसले, तर मुलांच्या हाती वही द्यावी. पिवळ्या टोपीचा तो नर. प्रत्येक खोप्याला क्रमांक द्यावा, आणि अर्धवट खोप्यापाशी मादी कधी आली, किती वेळ थांबली, हे रोज लिहावे. रिकामा राहिलेला खोपाही नोंदवायला विसरू नये.