घटक, स्वाध्याय आणि सव्वातीन तास

मराठीत कथा-कादंबऱ्यांची परीक्षणे नियमाने होतात. शालेय पाठ्यपुस्तकांवर अधूनमधून वाद झडतात. पण एक पुस्तकप्रकार असा आहे, की तो हजारो घरांत पोचतो, रात्री दिव्याखाली अधोरेखित होतो, परीक्षेनंतर रद्दीत जातो आणि त्याच्याविषयी कोणी चार ओळीही लिहीत नाही. हा प्रकार म्हणजे दूरशिक्षणाचे स्वयं-अध्ययन पुस्तक. नोकरी, घर, मुले, आजारी माणसे हे सारे सांभाळून पदवी घेणाऱ्याच्या हाती शिक्षक म्हणून जे पडते, ते हेच.

म्हणून त्याला लावायची कसोटीही वेगळी हवी. वर्गातले पाठ्यपुस्तक कच्चे असले तरी शिक्षक ते सावरून घेतो. येथे सावरायला कोणी नाही. पुस्तक चांगले आहे की नाही, यापेक्षा ते चांगले शिकवते की नाही, हे पाहायचे.

काय साधले

१८४० साली इंग्लंडात एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे पोस्टाने पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून पाठवी आणि तो दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत येई. ही परत येणारी दुरुस्ती ध्यानात ठेवावी. पुढे तिचा विचार करायचा आहे.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीची वाट ठेवली, उच्च शिक्षण मराठीत आणले आणि ‘शिक्षणक्रम’, ‘समंत्रक’, ‘संपर्कसत्र’ असे शब्दही रूढ केले. शिकवणाऱ्याला ‘समंत्रक’ म्हणण्यात एक विचार आहे. त्याने व्याख्यान द्यायचे नाही, विद्यार्थ्याने आधी वाचून आणलेल्यावर सल्ला द्यायचा. उद्दिष्टे, प्रास्ताविक, विषय-विवेचन, स्वयं-अध्ययन प्रश्न, सारांश, पारिभाषिक शब्द ही घटकाची बांधणीही विचारपूर्वक ठरलेली आहे. ज्याला वर्गाचे दार बंद झाले होते त्याला या बांधणीने पुस्तकात शिरायची वाट दाखवली, हे श्रेय निःसंशय द्यायला हवे.

उणीव या बांधणीत नाही; तिचा केवळ साचा उरला, ही उणीव आहे.

तासांचा हिशेब

ठाणे स्टेशनाच्या पश्चिमेला असलेला नौपाडा हा मध्यमवर्गीय नोकरदारांचा जुना भाग. गोखले रोड, राम मारुती रोड ओलांडून सकाळी स्टेशनाकडे निघालेली गर्दी पाहिली, की दूरशिक्षणाचा विद्यार्थी कसा जगतो याची कल्पना येते. समजा, येथील एक गृहिणी फोर्टमधल्या कचेरीत काम करते आणि राहून गेलेली पदवी आता घ्यायची ठरवते. तिचा दिवस मांडून पाहू.

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे अध्ययन. वर्षाला ४० श्रेयांक, म्हणजे १२०० तास. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची. १२०० तास वर्षाच्या ३६५ दिवसांत वाटले तर दिवसाला सुमारे तीन तास सतरा मिनिटे येतात, गणपती, दिवाळी, लग्नकार्ये आणि तापाचे दिवस धरून. आठवड्याला तेवीस तास.

ही बाई सव्वाआठला घर सोडते. ठाणे ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ३४ किलोमीटर, धीम्या गाडीने तासाभराचे. परत यायला साडेसात. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे आटोपून दहाला ती पुस्तक उघडते. सहा दिवस रोज एक तास आणि रविवारी पाच, असे अकरा तास झाले. हा तिच्या कष्टांचा उच्चांक आहे आणि तरीही तो गरजेच्या निम्म्याहून कमी आहे. म्हणजे तिची पदवी तीन नव्हे, सहा वर्षांची आहे. हे तिला प्रवेश घेताना कोणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षी ती मागे पडली, की ‘चिकाटी नव्हती’ असा निकाल घरचे देतात आणि तोही तिला पटतो! गणित चुकले होते, माणूस नव्हे.

पुस्तकही हा हिशेब लपवते. चार श्रेयांकांच्या विषयाला १२० तास द्यायचे आणि त्यात वीस घटक असतील, तर एका घटकाला सहा तास येतात. पंधरा पानांचा घटक तासा-दीड तासात वाचून होतो. उरलेल्या साडेचार तासांत काय करायचे? हे तास लिहिण्यासाठी, सोडवण्यासाठी, पडताळण्यासाठी आहेत, पण तसे काम घटकात दिलेले नसते. वाचून झाले म्हणजे अभ्यास झाला, असेच पुस्तक सुचवते. उभ्याने केलेल्या लोकलच्या प्रवासात पुस्तक उघडता येत नाही. मनात घोळवता येईल असा एखादा प्रश्न मात्र नेता येतो. तो तरी घटकात असावा.

प्रश्न कशासाठी?

२००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग एका वेळी तो पुन्हा वाचला, तर दुसऱ्या वेळी न पाहता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेले ८१ टक्के आठवले, लिहून काढलेले ७५ टक्के. पुनर्वाचन सरस ठरले. पण आठवड्यानंतर पुन्हा वाचलेल्यापैकी ४२ टक्केच उरले आणि लिहून काढलेल्यापैकी ५६ टक्के. आठवण्याचे श्रम हेच स्मरणाचे खत, असा याचा अर्थ. अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते, हे तर एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवले होते.

आता आपले स्वयं-अध्ययन प्रश्न पाहू. जडत्वाची व्याख्या दिली, की दोन ओळींखाली प्रश्न येतो: ‘जडत्व म्हणजे काय?’ उत्तर डोळ्यांसमोर असते. येथे स्मरणाला काही काम नाही, फक्त नजर वर न्यायची. शिवाय दुसऱ्या घटकातला प्रश्न पाचव्या घटकात पुन्हा कधी भेटत नाही. प्रत्येक घटक लोकलच्या डब्यासारखा. शेजारच्या डब्यात जायला आतून वाट नाही. नोव्हेंबरात वाचलेले मे महिन्यात आठवायचे असेल, तर अशी वाट हवीच. प्रत्येक घटकाच्या आरंभी मागच्या तीन घटकांतले पाच प्रश्न द्यायला कागदाचे अर्धे पान लागते.

प्रश्नाचा दर्जाही पाहावा. ‘गाडीने अचानक ब्रेक लावला तर उभा प्रवासी पुढे का झुकतो? गाडी हळूहळू थांबली तर का झुकत नाही? दोन्ही वेळा जडत्व तेवढेच ना?’ हा प्रश्न नौपाड्याहून निघालेली बाई दांडीला धरून मुलुंडपर्यंत सोडवू शकेल. वेग कमी होण्याचा दर, त्यासाठी शरीरावर लागणारे बल आणि ते बल फक्त पायांपाशी लागते ही गोष्ट, इतके सारे त्यात आहे.

दूरशिक्षणाचे स्वीडिश अभ्यासक बोर्ये होल्मबर्ग यांनी अशा पुस्तकाला मार्गदर्शित संवादाची उपमा दिली. आपल्याकडे तिचे रूपांतर व्याकरणात झाले. ‘विद्यार्थी मित्रहो, आता आपण पाहू’ असे म्हटले, की संवाद झाला! पुढचा परिच्छेद मात्र इंग्रजी ग्रंथातून जडशीळ भाषेत उतरवलेला. वाचकाला कोठे अडेल हे ओळखून तेथे थांबणे, हा खरा संवाद. चांगला शिक्षक ते वर्गातल्या चेहऱ्यांवरून करतो. लेखकाने ते चुकलेल्या उत्तरपत्रिकांवरून करावे.

विज्ञानाची खरी अडचण

कला आणि वाणिज्य शाखांत या उणिवा निभावून जातात. विज्ञानात जात नाहीत. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ साली पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोगपेट्या पाठवल्या. त्यांत हातात मावेल असा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शकही होता. आपल्याकडे प्रयोग म्हणजे अभ्यासकेंद्रावरच्या प्रयोगशाळेतील सलग दिवसांची हजेरी, असे समीकरण झाले. नोकरदाराला त्यासाठी रजा काढावी लागते. मग सारा जोर ‘बरोबर उत्तर’ येण्यावर आणि जर्नल पुरे करण्यावर राहतो.

प्रयोगशाळेला पर्याय नाही, हे मान्य. पण तिच्याआधी स्वयंपाकघर आहे. दाराच्या चौकटीला दोरीने एक कुलूप टांगा. टांगल्या जागेपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर ठेवा, थोडेसेच झुलवा आणि वीस झोके मोजा. सुमारे ४० सेकंद लागतील. त्यावरून गुरुत्वत्वरण काढता येते. खरा धडा पुढे आहे. ४० सेकंदांत एका सेकंदाची चूक म्हणजे अडीच टक्के. पण सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्याने उत्तरात ती पाच टक्के होते. ९.८ ऐवजी ९.३ येते. मग शंभर झोके मोजले तर? २०० सेकंदांत तीच एका सेकंदाची चूक उत्तरात एकच टक्का उरते. मापनातली चूक कशी वाढते आणि कशी आवरता येते, हे रात्री साडेदहाला, मुलांना मदतीला घेऊन, फुकट शिकता येते. असा प्रयोग प्रत्येक घटकात असावा, आणि चुकीसह लिहिलेल्या प्रामाणिक नोंदीला गुण असावेत.

परत येणारे पत्र

पिटमन यांच्या व्यवस्थेचा प्राण परत येणाऱ्या दुरुस्तीत होता. आज त्या जागी स्वाध्याय आहे. नियमाने पाहता तो विद्यार्थी आणि समंत्रक यांच्यातला पत्रव्यवहार. प्रत्यक्षात सोडवलेले स्वाध्याय विकत मिळतात, ते हस्ताक्षरात उतरवले जातात, त्यावर आकडा पडतो आणि विषय संपतो. विद्यार्थ्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्या कागदावर कोणी दोन ओळींचा शेरा लिहिणार नाही, तो मनापासून का लिहावा?

पडद्यावर आल्याने हे बदलले असे नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या अभ्यासक्रमांचा जो आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्क्यांनीच तो पुरा केल्याचे दिसले. व्याख्यान घरी पोचले, पण परत येणारे पत्र तेथेही नव्हते.

हे सारे शिक्षकांच्या मासिकात मांडण्याचे कारण उघड आहे. या व्यवस्थेच्या तिन्ही बाजूंना शिक्षकच आहेत. २०१७ च्या कायदादुरुस्तीने अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ ची मुदत दिली, तेव्हा देशभरातील दहा लाखांहून अधिक शिक्षक दूरशिक्षणाच्या पदविकेला बसले. रविवारी अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून जाणारे शिक्षकच, आणि घटक लिहून देणारेही बहुतेक शिक्षकच. विद्यार्थी म्हणून जे सोसले ते लेखक म्हणून विसरायचे नाही, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ होईल.

तेव्हा पुढचा घटक लिहायला घेताना चार गोष्टी पाहाव्यात. घटकाला खरोखर किती तास लागतील, हे पहिल्या पानावर छापले आहे का? मागच्या घटकांतले प्रश्न पुन्हा विचारले आहेत का? दोरी, कुलूप, पातेले, घड्याळ एवढ्यावर होणारा एक तरी प्रयोग आहे का? आणि स्वाध्याय तपासणाऱ्यासाठी शेरा लिहायला जागा आणि वेळ ठेवला आहे का? समंत्रकाला तर विद्यापीठाची वाट पाहण्याचेही कारण नाही. या रविवारी समोर आलेल्या स्वाध्यायांपैकी प्रत्येकावर गुणांखाली दोन ओळी लिहाव्यात: कोठे चुकले आणि पुढे काय वाचावे. दहाला पुस्तक उघडणाऱ्या त्या बाईचे पत्र निदान तेवढ्याने परत येईल.