वंशावळ: यादी आणि कथा

2023च्या सप्टेंबरपासून मराठवाड्यात सर्वांत अधिक लिहिला गेलेला वाङ्मयप्रकार कोणता, असे कुणी विचारले तर मी कवितेचे नाव घेणार नाही आणि कथेचेही नाही. तो प्रकार म्हणजे वंशावळ. मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि नांदेड-लातूरच्या तहसील कचेऱ्यांत, शाळांच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरांत, खासरा व पाहणी पत्रकांत पणजोबा-खापरपणजोबांचा शोध सुरू झाला. 2 सप्टेंबर 2025च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केल्यावर तर तो गावोगावी पोहोचला. आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू न्याय्य, हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे नाही आणि तो या लेखाचा विषयही नव्हे. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. शेतकरी कुटुंब स्वतःचा वृत्तांत बहुधा पहिल्यांदाच लिहायला बसते, तेव्हा ते काय लिहिते आणि काय गाळते?

निलंगा तालुक्यातील माझ्या परिचयाचे दोन भाऊ आपली वंशावळ घेऊन आले होते. "फादर, शुद्धलेखन तेवढं बघा," एवढीच त्यांची अपेक्षा होती. पाच पिढ्या, एकोणीस पुरुष, सरळ रेघा, चौकोनात नावे. शुद्धलेखनात दोष नव्हता. बोलता बोलता थोरला सांगू लागला, की पणजोबा ऐन तिशीत पटकीने गेले, तेव्हा आजोबा पाळण्यात होते. भावकीने जमिनीवर हात टाकला. पणजीने ती एकटीने राखली. मी विचारले, पणजीचे नाव काय? धाकटा थोरल्याकडे पाहू लागला. थोरला म्हणाला, "तिला कासारशिरसीची म्हणायचे." जिच्यामुळे ही वंशावळ पुढे सरकली, ती त्या कागदावर नव्हती, आणि तिच्या नावाच्या जागी स्मरणात उरले होते ते तिचे माहेरगाव.

ही गफलत त्या दोघा भावांची नाही, हे मला प्रथम नमूद केले पाहिजे. ती या वाङ्मयप्रकाराची आहे, आणि पवित्र शास्त्राइतकी जुनी आहे. रूथचे पुस्तक वाचून पाहावे. दुष्काळात बेथलेहेम सोडून मवाबात गेलेले शेतकरी कुटुंब, तिथे पतीला आणि दोन्ही मुलांना मूठमाती देऊन परतणारी नामी, तिच्यामागून आलेली परकी सून, सातूच्या सुगीत कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचणे; चार अध्यायांत जमीन, भूक आणि वारस यांखेरीज दुसरा विषय नाही. मराठवाड्यातल्या वाचकाला त्याचे भाष्य लागू नये. मग पुस्तकाच्या अगदी शेवटी एक वंशावळ येते, पेरेसपासून दावीदापर्यंत. दहा नावे, दहाही पुरुषांची. नामी नाही, रूथही नाही. म्हणजे एकाच पुस्तकात एकच कुळ दोनदा सांगितले आहे, एकदा कथेने आणि एकदा यादीने, आणि कथेने ज्यांना उभे केले त्यांना यादीने पुसून टाकले आहे. मत्तयाने शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर ही यादी पुन्हा हाती घेतली आणि तिच्यात तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी यांना जागा दिली. जिथे जिथे त्या कुळाचा धागा तुटता तुटता राहिला किंवा बदनामीच्या वाटेने पुढे गेला, नेमक्या त्याच जागा त्याने उघड्या ठेवल्या. यादी नीटनेटकी करण्याचा मोह त्यालाही सुटला नाही, हे खरे. चौदा-चौदाचे तीन गट जमवण्यासाठी त्याने योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे वगळले. तरीही तिसऱ्या गटात मोजून तेराच नावे भरतात.

आपल्या मराठीतही एके काळी यादी आणि कथा विभक्त नव्हत्या. वतनाचा तंटा उभा राहिला की पक्षकार गोतसभेपुढे आपला 'करीना' मांडी. आपण कोण, कुणाचे, ही जमीन आपल्याकडे कशी आली, मध्ये कोण मारले गेले, कोण परागंदा झाले, कुणी परत येऊन घर उभारले, असा तो सलग वृत्तांत असे. निवाड्याच्या महजरावर गावच्या बलुतेदारांच्याही निशाण्या पडत. कुणब्याची निशाणी नांगराची. बवाज वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवून नामीच्या शेताचा प्रश्न सोडवतो, तो प्रसंग वाचताना मला नेहमी या गोतसभेची आठवण होते. जेधे करीना हा या प्रकारातला प्रसिद्ध नमुना. भाऊबंदकीच्या कत्तलीतून तान्हा कान्होजी घरच्या इमानी माणसांकरवी वाचतो, आणि तोच पुढे अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांपुढे वतनावर पाणी सोडतो. जेधे देशमुख होते, साधे कुणबी नव्हेत, आणि करीना हा शेवटी हक्क शाबीत करण्यासाठीच लिहिलेला कागद आहे. तेव्हा त्याच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवावा असे मी म्हणत नाही. परंतु हक्क सांगायचा तर हकिकत सांगावी लागते, याची त्याला जाण होती.

विसाव्या शतकात मुद्रित कुलवृत्तांत आले. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, घराणी, शाखा, तक्ते: परिश्रमाला तोड नाही. पत्नीचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे बहुतेक ठिकाणी मिळतात, हा त्यांचा मोठा गुण. त्या दोघा भावांच्या कागदापेक्षा ते याबाबतीत कितीतरी उदार आहेत. पण माझ्या पाहण्यात आलेल्या कुलवृत्तांतांत पदव्या, नेमणुका आणि बढत्या भरघोस असतात. घर सोडून गेलेला, कर्जात बुडालेला, धर्म बदललेला माणूस एका ओळीत आटोपतो. 'स्मृतिचित्रे' आजही का वाचली जातात, याचे उत्तर मला यात सापडते. लक्ष्मीबाई टिळक आरंभीच वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाविषयी लिहितात. कुलवृत्तांताने झाकली असती अशी ती जागा आहे.

शेतकऱ्याच्या वाट्याला असे ग्रंथ आलेच नाहीत. त्याच्यासाठी सोलापूर-कोल्हापूरकडे बैल घेऊन फिरणारे हेळवी होते, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या होत्या. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके 1956पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. निजामाच्या राज्यकारभाराची भाषा 1880च्या दशकात फारसीवरून उर्दूवर आली आणि गावचे कुलकर्णी मोडीत लिहीत. म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या खापरपणजोबाचा माग तीन राज्यांत आणि तीन लिप्यांत विखुरलेला. गॅझेटियरमध्ये आहे ती जातींची संख्या. माणसांची नावे त्यात नाहीत. शिवाय 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले, त्यात नुसती सुमारे आठ हजार माणसे गेली असे नव्हे. ज्यांना विचारता आले असते अशी म्हातारी माणसेही गेली.

ही अडचण आपल्यापुरतीच आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ओहायो-आयोवाकडील शेतकऱ्यांचे वंशज हाच शोध घेत असतात. तिथल्या जनगणनेत 1850पूर्वी केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. गुलामांची तर 1850 आणि 1860च्या स्वतंत्र यादीतही बहुतेक नावे नाहीत, मालकाच्या नावाखाली वय आणि लिंग तेवढे. 1890च्या जनगणनेचे बहुतांश कागद 1921च्या आगीनंतर नष्ट झाले. मग आधार उरतो तो घरच्या बायबलाचा, ज्याच्या कोऱ्या पानांवर जन्म-विवाह-मृत्यू लिहून ठेवण्याची रीत होती. त्या पानांवर बायकांची नावे सापडतात. क्रांतियुद्धातील सैनिकांच्या विधवांनी निवृत्तिवेतनासाठी अशी पाने फाडून सरकारला पुरावा म्हणून पाठवली. ती वॉशिंग्टनच्या अभिलेखागारात अजून आहेत.

आपल्या नोंदवह्यांकडे वळल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. 1614च्या रोमन विधिग्रंथापासून स्नानसंस्काराची नोंद ठेवण्याचा नमुना ठरून गेला आहे, आणि आजच्या धर्मविधीसंहितेच्या 877व्या कलमानुसार आईचे नाव, धर्ममातापित्यांची नावे, स्थळ, दिनांक, सारे लिहावे लागते. या बाबतीत आपली वही तहसीलच्या वहीहून श्रीमंत आहे. परंतु काही जुन्या नोंदींत स्नानसंस्कारापूर्वीचे नाव नाही, गाव नाही, बापाचा व्यवसाय नाही. जणू त्या घराला त्या दिवशीच पूर्वज मिळाले. पुढे 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीच्या सवलतींतून वगळले, तेव्हापासून कित्येक घरांत दोन नावे नांदतात, शाळेतले एक आणि चर्चमधले एक. एकाच माणसाच्या दोन वंशावळी, आणि प्रत्येक कचेरीत दुसरी लपवायची. एज्राच्या पुस्तकात बंदिवासातून परतलेल्यांची यादी आहे. तिच्यात काही याजकांनी आपली नोंद शोधली, ती सापडली नाही, आणि त्यांना याजकपदावरून दूर ठेवले गेले. त्यांच्यापैकी एका कुळाचा मूळपुरुष बर्जिल्लयाचा जावई. त्याने सासऱ्याचे नाव लावले होते. नाव बदलले आणि नोंद हरवली. आपल्या लोकांना हा प्रसंग मी समजावून सांगावा लागत नाही.

त्या दोघा भावांना मी एवढेच सांगितले, की कचेरीच्या कागदाला हात लावू नका, त्यांचा नमुना ठरलेला आहे. घरी ठेवायच्या प्रतीवर मात्र पणजोबांच्या चौकोनाशेजारी आणखी एक चौकोन काढा. जुन्या सातबाऱ्यांत कुठे 'अ.पा.क.' अशी अक्षरे दिसतात का, तेही तलाठ्याकडे पाहून या. अज्ञान वारसाची पालनकर्ती म्हणून आईचे नाव तिथे येते, आणि कधी कधी बाईचे नाव जमिनीच्या कागदावर लागते ते तेवढ्या दोन-तीन अक्षरांपुरतेच. थोरल्याने माझ्याच टेबलावरची पेन्सिल घेतली आणि चौकोन काढून त्यात 'कासारशिरसीची' असे लिहिले. उदगीरला त्यांची एक आत्या आहे, नव्वदीच्या पुढची. सोयाबीनची काढणी आटोपली की तिच्याकडे जाणार आहेत.