गायन आणि गाजणे

गुण असूनही ज्यांचे नाव फारसे गाजले नाही, अशा कलावंतांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. पहिला असा की, समाज कृतघ्न आहे. दुसरा असा की, खऱ्या कलावंतास कीर्तीची चाडच नसते. आमच्या मते दोन्ही सूर खोटे आहेत, आणि ते पारखून पाहण्यास आम्हां कागल-कोल्हापूरकरांस दूर जावयास नको.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांस कोल्हापूर दरबारी आश्रय दिला व त्यांची गायकी या मातीत रुजली. खाँसाहेबांचे पुत्र भुर्जी खाँ कोल्हापुरात विद्यादान करीत राहिले. बंधू मंजी खाँ १९३७ साली निवर्तल्यावर मल्लिकार्जुन मन्सुरांची खंडित तालीम त्यांनीच पुढे चालविली. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) याही त्यांच्याच शिष्या. पुढे केसरबाई केरकरांनी त्यांस शिकविले. केसरबाई आणि मन्सूर यांची कीर्ती दिगंत झाली. धोंडूताईंचे नाव मात्र जाणकारांच्या वर्तुळातच राहिले.

ही गायकी बिकट, म्हणून असे झाले काय? सर्वपरिचित मालकंसात स्वर पाच. या घराण्याच्या संपूर्ण मालकंसात ऋषभ व पंचमही येतात, आणि तरीही मालकंसाची मूर्ती ढळू द्यावयाची नसते. असा राग पहिल्याच श्रवणी उकलत नाही, हे खरे. परंतु केसरबाईंची गायकीही हीच होती! भेद गळ्यांत असेल तितका काळातही आहे. केसरबाईंच्या उमेदीच्या काळी संस्थानिकांचे दरबार व धनिकांच्या बैठकी नांदत होत्या. धोंडूताई ऐन तारुण्यात असताना, १९४९ साली, कोल्हापूर संस्थान विलीन झाले. १९५० साली भुर्जी खाँ वारले. राजाश्रय आणि गुरुछत्र वर्षभराच्या अंतराने हरपले. यास समाजाची कृतघ्नता म्हणणे सोपे आहे, पण ते निदान नव्हे.

आता दुसरा सूर. कीर्ती ही निव्वळ भूषणाची वस्तू असती, तर तिच्यावाचून काही अडले नसते. परंतु श्रोते असले म्हणजे शिष्य येतात, आणि शिष्य आले म्हणजेच अनवट राग जगतात. म्हणून अप्रसिद्धीचे गोडवे गाणे आम्हांस मान्य नाही.

केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. धोंडूताईंस १९९० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तथापि अनेक सुशिक्षितांस त्या ठाऊक झाल्या त्या शिष्या नमिता देवीदयाळ यांच्या ‘द म्युझिक रूम’ (२००७) या इंग्रजी पुस्तकामुळे. पुस्तक वाचनीय आहे, याविषयी वाद नाही. परंतु गायिकेची कथा घरोघर पोहोचावी आणि गाणे दारातच थांबावे, हे रसिकतेचे लक्षण नव्हे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध आहेत. वाचकांस आमची विनंती एवढीच की, त्यांतील एखादा राग त्यांनी एकदा ऐकून न सोडता चार वेळा ऐकावा, आणि मग आपले मत बनवावे.